न थांबलेलं रेकॉर्डिंग

कालचं रेकॉर्डिंग थांबलंच नव्हतं. सकाळी ऑफिसात संगणक उघडल्यावर लेकीच्या ते लक्षात आलं.

कॅमेऱ्याचा रेकॉर्डर होता आईवडिलांच्या घरी, दुसऱ्या शहरात, टीव्हीशेजारच्या फळीवर. ती तो इथून चालवायची. त्यासाठीचं सॉफ्टवेअर तिनं स्वतः लिहिलं होतं. काल बाबांचा सराव संपल्यावर तिनं बटण दाबलं, रेकॉर्डरचा लाल दिवा विझलाही. पण दिवा विझवण्याच्या हुकुमामागून निघालेला रेकॉर्डिंग थांबवण्याचा हुकूम नेटवर्क गेल्यामुळे तिकडे पोचलाच नाही.

पुसून टाकण्याआधी तिनं फाईल सहज पुढे सरकवून पाहिली.

सुरुवातीला नेहमीचंच. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून बाबांची वाचा अडली होती. उपचार करणाऱ्या बाईंनी दिलेले शब्द ते रोज कॅमेऱ्यासमोर म्हणायचे. म्हणायचे कसले, लाल दिवा लागला की जीभ टाळ्याला चिकटायची. ‘पाणी’तला ‘पा’ यायचा आणि ‘णी’ हटून बसायचा. परवाच बाई म्हणाल्या होत्या, “प्रगती दिसत नाही. या आठवड्यानंतर थांबू या. रांगेत बरेच जण आहेत.”

मग पडद्यावर दुपार झाली. आई-बाबा पत्ते खेळत होते. आईनं टाकलेलं पान हळूच परत उचललं, आणि बाबा म्हणाले, “अगं, टाकलेलं पान उचलतेस काय? ठेव खाली.”

शब्द जरा घसरत आले, पण आले एका दमात.

“मी कुठे काय उचललं?” आई साळसूदपणे म्हणाली.

“पाहिलं मी.”

लेकीनं ते पुन्हा पाहिलं. डोळे पुसले आणि आईला फोन लावला.

“आई, बाबा बोलतात.”

“बोलतात की. पत्त्यांत लबाडी केली की जास्तच.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू तिथेही कॅमेरा सुरू केला असतास.”

मघापासून लेकीच्या डोक्यात तेच चाललं होतं. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलली, की दिवा न लागताच रेकॉर्डिंग सुरू झालं असतं. बाबांना पत्ता लागला नसता आणि बाईंना रोज पुरावा मिळाला असता.

“कालचं एवढं बाईंना पाठवू का? सराव चालू राहील.”

“मला काय विचारतेस? बोलले ते, त्यांनाच विचार. घे, देते त्यांना.”

तिनं बाबांना सगळं सांगितलं.

“न... न विचारता?”

“रेकॉर्ड चुकून झालं, बाबा. पाहिलं मात्र मी मुद्दाम.”

तिकडे खुर्ची सरकली. मग आईचा आवाज आला, “अगं, ते गॅलरीत जाऊन बसलेत. राहू दे आता.”

दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. फाईल तिनं पाठवली नाही. दोनदा पुसायला घेतली, पण तेही न विचारता करणंच झालं असतं, म्हणून तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरून फोन आला. आई असेल म्हणून तिनं कानाला लावला.

“पत्ते...” बाबा होते. “मांडलेत.”

ती खुर्चीत सरळ झाली. “रेकॉर्ड करू, बाबा?”

“दिवा... नको.”

“नाही लावत. मग करू सुरू?”

“थांब.”

तिचा हात बटणावरून मागे आला. बाबांचं मन फिरलं असणार, असं तिला वाटलं, आणि तसं असेल तर आता एक शब्दही बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं. तिकडे बाबा पुढचा शब्द शोधत होते. तिनं शोधू दिला.

“शर्ट... बदलून येतो.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार उघडलं, आणि बराच वेळ एकामागून एक हँगर सरकत राहिले.