हे गेले

“हे गेले,” ती फोनवर म्हणाली, आणि पलीकडचा माणूस सात महिन्यांत पहिल्यांदा गप्प झाला.

तिला म्हणायचं होतं, हे बाहेर गेले. पण हात भांड्यांच्या साबणात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. एक शब्द निसटला. नवरा खरोखरच बाहेर गेला होता. तो कुलूपवाला. किल्ली आत विसरून दार ओढून घेणाऱ्यांच्या जिवावर हे घर चालत होतं, आणि अशा माणसांची जगात टंचाई नाही. अडचण एवढीच, की दाराबाहेर अडकलेला माणूस नेहमी अनोळखी नंबरावरून फोन करतो. वसुलीवालेही तेच करतात. त्यामुळे फोन बंद ठेवता येईना. नंबर बदलायचा म्हटलं तर तो दुकानाच्या पाटीवर वीतभर आकड्यांत रंगवलेला.

कर्ज किल्ल्या कापायच्या यंत्रासाठी घेतलेलं. हप्ते थकले तेव्हापासून दिवसाला चाळीस फोन. त्यातले निम्मे ह्या एकाच माणसाचे. त्याचा पहिला फोन सकाळी साडेआठच्या ठोक्याला यायचा, म्हणून घरात त्याचं नाव साडेआठ पडलं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते कुणी दुरुस्त केलं नाही. गरजच उरली नव्हती. साडेआठने मुलीच्या शाळेत फोन केला, सासऱ्यांना केला, दोनदा तर दूधवाल्याला केला. शिव्या तो कागदावरून वाचल्यासारखा एका सुरात द्यायचा. मागे कुठला तरी दुसरा फोन सतत केकाटत असायचा.

“अहो, तो उचला की आधी,” एकदा कुलूपवाला वैतागून म्हणाला होता.

“तुम्ही तुमचं बघा,” साडेआठ म्हणाला होता.

मंगळवारी कुलूपवाला गच्चीवर गेला तो तासभर खाली आलाच नाही. ती वर गेली. तो कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत होता.

“काय करताय?”

“काही नाही. इथे रेंज येत नाही.”

त्याच दिवशी तिने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. कुलूपवाल्याला कुलपाने अडवता येत नाही हे तिला कळत होतं. पण दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

“गेले?” आता साडेआठचा आवाज उतरला होता. “कधी?”

“आत्ताच. दहा मिनिटं झाली.”

“असे एकदम?”

“ह्यांचं असं एकदमच असतं. बोलावणं आलं की निघायचं. हातातला घास टाकून गेले.”

“सोबत कोणी...”

“सोबत कोण येणार? एकट्यानंच जावं लागतं.”

“अरेरे!” साडेआठ म्हणाला. “सकाळीच बोलणं झालं हो आमचं. चांगले ओरडले माझ्यावर. म्हणजे, तब्येत ठणठणीत वाटली.” त्याने घसा खाकरला. “माफ करा वहिनी. मयत अशी नोंद करतो.”

सात महिने ती ‘ए बाई’ होती. आज वहिनी झाली. त्या आश्चर्यातून बाहेर पडल्यावर पुढचा शब्द तिच्या डोक्यात शिरला. चूक सुधारायला तिने तोंड उघडलं. समोर जिना होता, जिन्याच्या टोकाला गच्चीचं दार, दाराला कुलूप. तिने तोंड मिटलं. तेवढ्याने भागणार नाही असं वाटून एकदा नाकही ओढलं.

नवरा घरी आला तेव्हा ती दारातच म्हणाली, “तुम्ही गेलात.”

“कुठे?”

“वर.”

त्याने जिन्याकडे पाहिलं. “कुलूप आहे की.”

मग तिने सगळं सांगितलं. तो हसायला लागला. कित्येक महिन्यांनी हसत होता, त्यामुळे थांबायचं कसं ते त्याला आठवेना. हसताहसता तो खाली बसला, आणि त्याचे खांदे हलत राहिले, पण आवाज हसण्याचा राहिला नाही. ती शेजारी बसून राहिली.

पुढे आठ दिवस घर शांत होतं. फोन तीच घ्यायची. मयत माणसाने फोनला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ती न्हाणीघरात होती. फोन वाजला. अनोळखी नंबर. वीस वर्षांची सवय; त्याने उचलला.

“हॅलो, कुलूपवाला.”

पलीकडे कुणी बोलेना. मग त्याला तो दुसरा फोन ऐकू आला, मागे केकाटणारा. ती ओल्या केसांनी बाहेर आली. नवऱ्याचं तोंड पाहून काही न विचारता पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली, जिना अडवून.

“मीच आहे,” कुलूपवाला म्हणाला. “जिवंत आहे. काय करायचं ते करा.”

“हळू बोला हो,” साडेआठ कुजबुजला. “कचेरीत तुम्ही गेलेलेच आहात. आज माझी सुटी आहे, मी घरून बोलतोय.”

मागचा फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. तो त्याने आजही उचलला नाही.

“वहिनींना जरा विचारता का, त्या नेमकं कसं म्हणाल्या होत्या? आमच्या हिच्याकडून पाठ करून घ्यायचंय.”