प्रत माहितीसाठी

‘गोपनीयता हा आमच्या संस्थेचा प्राण आहे,’ असं नव्या कंपनीच्या अर्जावरच छापलेलं होतं. तरी त्यांनी स्टोअरकीपरची चौकशी करायला थेट त्याच्या सध्याच्या ऑफिसात फोन केला. नशीब, तो ऑपरेटरबाईंनी घेतला आणि साहेबांच्या कानावर जाऊ दिला नाही.

स्टोअरकीपर तणतणत वकील मेहुण्याकडे गेला.

“नोकरी गेली का, भावजी?”

“नाही.”

“मग नुकसान काय दाखवू? फार तर माफी मागायला लावू.”

नोटीस गेली. आठवड्यात माफीपत्र आलं : ‘गोपनीयतेचा भंग झाल्याबद्दल दिलगीर आहोत.’ खाली बारीक अक्षरांत : ‘प्रत माहितीसाठी : आपले सध्याचे साहेब.’

दुपारी स्टोअरच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. पाल झटकावी तसं त्याने ते पत्र मेहुण्याच्या टेबलावर टाकलं. मेहुण्याचा चेहरा खुलला.

“भावजी, आता केस होते.”