निळ्या काचांची इमारत

लिफ्ट सुटली तशी आईने थोरल्याचा दंड घट्ट धरला.

"अरे, मला ऐकू येईना झालंय."

"थुंकी गिळ. होतील कान मोकळे."

दार उघडलं आणि चहूकडे काचच काच. खाली अख्खं शहर पसरलेलं. आई आधी काचेपासून चार हात लांब उभी राहिली. मग धीर करून पुढे गेली, नाक काचेला टेकवलं.

"यातलं धाकट्याचं ऑफिस कुठलं?"

थोरल्याने इमारतींवरून नजर फिरवली. "ती बघ. निळ्या काचांची."

"कितव्या मजल्यावर बसतो?"

"वरच्या."

आईने त्या इमारतीकडे बघून हात हलवला. शेजारी उभा असलेला एक पर्यटक हसला आणि तिला जागा करून देत बाजूला झाला. थोरल्याने मान फिरवली.

सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या तिला सांगून टाकायचं, असं ठरवून तो घरातून निघाला होता. बायकोनेही बजावलं होतं, "घोळ घालू नका. जितका उशीर कराल तितकं जड जाईल." पण स्टेशनाबाहेर आईने ओल्या हाताने केस सारखे केले आणि म्हणाली, "आधी त्याच्याकडेच जाऊ." "त्याला संध्याकाळपर्यंत सुट्टी नाही गं," थोरला बोलून गेला. "तोवर शहर बघू."

घरी सांगणं तर त्याला जमलंच नव्हतं. धाकट्याचा फोन लागेना तेव्हापासून आईने जेवण अर्ध्यावर आणलं होतं. शेवटी एक दिवस पिशवी भरून ती दारात उभी राहिली. "तू नेतोस की एकटी जाऊ?"

वडील गेल्यावर तिने लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून दोघांना वाढवलं. थोरला शाळा सोडून पंपाच्या मोटरी दुरुस्त करायला लागला, म्हणून धाकटा शिकू शकला. त्याचं थोरल्याला कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी विचारलं की आई आणि तो दोघंही छाती फुगवून सांगत, "आमचा धाकटा साहेब आहे."

दुपारी ते मत्स्यालयात गेले. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जात होते. एक भलामोठा चपटा मासा अगदी आईच्या वर येऊन थांबला.

"हा बघ," ती म्हणाली, "याला कुणीतरी दोन्ही बाजूंनी इस्त्री केलीय."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. थोरलाही हसला. किती तरी महिन्यांनी ती अशी हसत होती.

"धाकट्याला सांगायला हवं हे," डोळे पुसत ती म्हणाली.

थोरल्याचं हसू विरलं. "चल, बोट सुटेल."

नदीतल्या बोटीवर गर्दी कमी होती. दोन्ही काठांनी उंच घरं मागे सरकत होती. आता तरी सांगावं, असं थोरल्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आईच बोलायला लागली.

"मी त्याला काही म्हणणार नाही हं. लग्नाला बोलावलं नाही, इतक्या वर्षांत एकदा घरी आला नाही, एक अक्षर काढायची नाही. सुनेला माझी अडचण वाटली तर घरातसुद्धा जाणार नाही. नुसता डोळे भरून बघीन. मग मला घेऊन चल परत."

थोरला नदीकडे बघत राहिला. पाणी काळं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

उन्हं कलली तसे ते लॉजवर परतले. खोली लहान होती, एक खाट आणि एक खुर्ची. आईने तोंड धुतलं, पिशवीतून घडीची साडी काढून नेसली.

"निघायचं ना?"

"आई, जरा बस."

"उशीर होईल रे. वाट बघत असेल तो."

"तो नाही भेटणार."

"का? सुट्टी नाही मिळाली?"

"आई, धाकटा गेला."

"कुठे?"

तिने थोरल्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मग हळूच खाटेच्या कडेवर टेकली.

"रस्त्यात अपघात झाला. इथल्याच लोकांनी सगळं उरकलं. मला फार उशिरा कळलं."

"मग दिवसभर मला फिरवलंस कशाला?" ती म्हणाली. "मी हसले रे. मासा बघून हसले मी."

त्यानंतर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो थोरल्याने वडील गेले तेव्हाही ऐकला नव्हता. त्याने तिचं डोकं छातीशी धरलं. तिच्या पाठीचा मणका न मणका हाताला लागत होता. त्यालाही रडू आवरेना.

रडून रडून घसा बसल्यावर तिने विचारलं, "शेवटी माझं नाव काढलं का रे त्याने?"

"काढलं," थोरला म्हणाला. "तुझंच काढलं."

तिने मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचा डोळा लागल्यासारखा वाटला तेव्हा थोरल्याने तिच्या अंगावर चादर घातली, दार हलकेच ओढून घेतलं आणि तो पाणी आणायला जिना उतरला.

रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. समोर एक करड्या रंगाची गाडी उभी होती. थोरला दाराबाहेर आला तशी तिची मागची काच अर्धी खाली झाली.

"ठरल्याप्रमाणे सांगितलंस का आईला, मी गेलो म्हणून?" धाकट्याने विचारलं.