चाचणी पावती

माझ्या सासऱ्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला आलेल्या वस्तूची पावती ते हातानं लिहायचे, आणि त्यांचं अक्षर देवालासुद्धा लागलं नसतं.

"बाबा, आता पावत्या छापूनच देऊ. कॉम्प्युटरचं सगळं माझ्यावर सोडा," मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

ते वर घरी जेवायला गेले, तसा मी माझ्या लॅपटॉपवर पावतीचा प्रोग्राम टाकला, काउंटरवर नवाकोरा प्रिंटर जोडला आणि बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. वायर काढून लावली, प्रोग्राम पुन्हा टाकला, प्रिंटरच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. चाचणीला काहीतरी भरायला हवंच, म्हणून वैतागून मी टाइप केलं: 'वस्तू: सासरेबुवा. बिघाड: कुरकुर थांबत नाही. शेरा: मॉडेल फार जुनं, सुटे भाग मिळत नाहीत.' आणि बटण दाबतच राहिलो.

तेवढ्यात बाबा जिना उतरून आले. हातात पावत्यांचा हा गठ्ठा!

"जावईबापू, घरातला प्रिंटर थांबायचं नावच घेत नाहीये."

लॅपटॉपला वायफायवरून वरचा, घरचा प्रिंटर जोडलेला होता, तो बदलायचं मी विसरलो होतो.

"छपाई मात्र झकास आलीय," म्हणत त्यांनी सगळ्यात वरची पावती माझ्यासमोर ठेवली. मजकुरावर काट मारून खाली पेननं काहीतरी लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं अक्षर स्वच्छ लागलं.


'वस्तू: जावई. बिघाड: आवाज भरपूर, पातं फिरत नाही. शेरा: दुरुस्ती अशक्य, व्याह्यांकडे परत पाठवणे.'