फोडणीला मनाई

“आई, यात मासा आहे,” अनुराग म्हणाला.

“मला तर दिसत नाही.” लीलावतीबाईंनी उदोनच्या, त्या जाड जपानी शेवयांच्या, वाडग्यातून मानसुद्धा वर केली नाही.

“दिसणार कसा? उकळून काढून टाकतात. हे पाणी सगळं त्याचंच.”

“असू दे.” आणि त्यांनी एक लांबलचक शेवई सुर्रकन ओढली, अगदी शेजारच्या टेबलावरच्या जपानी आजोबांसारखी.

अनघाने नवऱ्याकडे पाहिलं. सत्तरी गाठेपर्यंत सासूबाई अंड्याच्या केकला शिवल्या नव्हत्या. अनघाच्या लग्नात बिनअंड्याच्या केकवरून त्यांनी केटररला रडकुंडीला आणलं होतं. त्याच बाई आता दोन्ही हातांनी वाडगा उचलून पीत होत्या.

हट्टाला पेटल्या होत्या ना! सहलीला निघायच्या आदल्या दिवशी टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या घरात अनुराग बोलून गेला होता, “आई, इथे कायमचं राहायचं तुला जमायचं नाही गं. खाण्याचेच हाल होतील. त्यापेक्षा वीणाने तळेगावला ज्येष्ठांसाठीची जागा बघितलीय, ती बरी. डॉक्टर आहेत, बरोबरीच्या बायका आहेत, मराठी जेवण आहे.”

वीणा म्हणजे त्याची धाकटी बहीण, पुण्यातली. आईच्या व्हिसाचं त्याच्या ऑफिसातून होण्यासारखं होतं. अडत होतं ते तिथे नाहीच.

“खाण्याचे हाल, एवढंच ना?” लीलावतीबाईंनी विचारलं होतं.

“मुख्य तेच.”

“बरं. मग या सहलीत घरचं काही खाणार नाही मी. इथली माणसं खातात ते खाईन. मग बोल.”

सहलीसाठी भाड्याने कॅम्पिंग कार घेतली होती. भाड्याने देणाऱ्याने चार-चारदा बजावलं होतं: आत भात करा, चहा करा, फोडणी तेवढी देऊ नका, वास पडद्यांना धरतो. म्हणून अनघाने दशम्या, मेतकूट, लोणचं अशी जय्यत पिशवी भरली होती. ती लीलावतीबाई चपलांच्या कपाटावर विसरल्या. विसरल्या कसल्या, मुद्दाम ठेवल्या.

मग काय, हमरस्त्यालगतची चेन रेस्टॉरंटं. गाव बदललं तरी बोर्ड तोच, मेन्यू तोच, चवही तीच. कुठे फिरत्या पट्ट्यावरून ताटल्या यायच्या, कुठे मांजराच्या तोंडाचा रोबो वाढायला यायचा. लीलावतीबाईंनी पहिल्याच दिवशी टॅबलेटवर बोट चालवायला शिकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या ऑर्डरी त्याच द्यायला लागल्या.

“आज्जी, ओइशी?” चव आवडली का, हे अनघाची पाच वर्षांची लेक कादंबरी जपानीतच विचारायची.

“एकदम ओइशी!” आजी ठणकावून सांगायची, नातीला कमी आणि लेकाला जास्त.

अनुराग कौतुक करायचा सोडून चिडत चालला होता. “कुणाला दाखवतेस हे?”

“तुला. अजून कुणाला?”

एकदा गाडीत पाणी भरायला थांबले असताना अनघाने सासूबाईंना बाजूला गाठलं. “आई, मला तुम्ही राहायला हव्या आहात. खरंच. कादंबरीसाठी नाही, माझ्यासाठीसुद्धा.”

लीलावतीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. “तुझं माहीत आहे गं मला,” त्या म्हणाल्या.

नागोयाच्या अलीकडे सकाळी अनुराग उठला तेव्हा आई गाडीत नव्हती. ती बाहेर, गाडीच्या पायरीवर, पोट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“काही नाही. हवा खातेय.”

“आई, उलटी झालीय तुला. शेजारी पिशवी दिसतेय मला.”

“दिसू दे. नाश्त्याला कुठे जायचं? काल तो लाल बोर्ड दिसला होता, तिथे जाऊ.”

“वेड लागलंय का तुला?”

“जमणार नाही म्हणालास ना? बघ, जमतंय.”

आणि खरंच गेल्या. लाल बोर्डाखालच्या त्या रेस्टॉरंटात लीलावतीबाईंनी भात आणि मिसो सूप मागवलं. सूपही तसलंच, माशाच्या पाण्याचं. तरी त्यांनी वाटी ओठांना लावली.

अनुरागने वाटी हातातून काढून घेतली.

“बास,” तो म्हणाला. “बास कर आता, आई. खाण्याचं मी उगाच पुढे केलं. मला भीती वाटत होती. घर एवढंसं, दोघांची नोकरी, तू दिवसभर एकटी, काही झालं तर काय करू मी? ते तोंडाने बोलवेना, म्हणून जेवणाचं निमित्त केलं.” त्याचा आवाज चिरकला. शेजारचे लोक बघायला लागले, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. “हे नको खाऊस. घरी चल. वरणभात मी लावेन रोज. पण राहा तू. आमच्याजवळ राहा.”

अनघा रडायलाच लागली. कादंबरी आईकडून आजीकडे बघत राहिली.

लीलावतीबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“वीणाला आत्ताच कळवतो,” अनुरागने फोन काढला. “ती जागा नको म्हणून.”

“कळवू नकोस,” लीलावतीबाई म्हणाल्या. “ती जागा इकडे यायच्या आधी मीच घेतलीय, सामानसुद्धा लावून आलेय. मला फक्त एकदा तुझ्या तोंडून ‘राहा’ ऐकायचं होतं.”