फुटलेलं उत्तर

"तूच फोडलंस," रुचिरा म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

निकेशनं लॅपटॉपवरून नजर उचलली नाही. समोर त्यांच्याच 'पल्याडचं बेट' या गेमची सगळी उत्तरं होती. कुणीतरी नाव न देता ती गेमच्या चर्चेच्या पानावर टाकली होती. पहिल्या खोलीतल्या कंदिलापासून खाडीवरच्या शेवटच्या धक्क्यापर्यंत, पायरी पायरीनं, साध्यासोप्या इंग्रजीत, प्रत्येक पायरीखाली 'कारण' देऊन.

गेम बाहेर येऊन आठवडाही झाला नव्हता. नवीन पनवेलमधल्या रुचिराच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, दोघांनी तो वाढवला होता. गोष्ट, चित्रं आणि कोडी रुचिराची, प्रोग्रामिंग निकेशचं. निकेश उरणकडचा. गेममधली खाडी, धक्का, गाळात रुतलेली होडी, सगळं त्याच्या गावचं. नोकऱ्या दोघांनी एकाच दिवशी सोडल्या आणि दोघांच्या घरच्यांनी दोघांनाही वेड्यात काढलं.

शेवटचं कोडं म्हणजे रुचिराचा जीव की प्राण. धक्क्यावर एक मुलगी उभी आहे. पलीकडे बेट, मधे पाणी. खेळणाऱ्याजवळ दोर आहे, वल्हं आहे, शिट्टी आहे, आणि यातलं काही म्हणजे काही चालत नाही. माणूस चिडतो, जिथेतिथे क्लिक करत सुटतो. उत्तर एवढंच, की काही करायचं नाही. नुसतं थांबायचं. मग ओहोटी लागते, पाणी उतरतं आणि वाट दिसते. कुणीतरी वैतागून माउस सोडून देईल, खुर्चीला पाठ टेकेल आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी सरकू लागेल. त्या एका क्षणासाठी तिनं अख्खा गेम रचला होता.

आता लोक उत्तरं वाचून येत होते आणि अर्ध्या तासात मोकळे होत होते. 'शेवटी नुसतं उभं राहायचं? हा काय गेम आहे?' असं लिहून जात होते. एवढ्याशा गेमचं नशीब पहिल्या आठवड्यातच ठरतं, आणि ते ठरून चुकलं होतं.

"हिंट देऊ, हिंट देऊ, म्हणून वर्षभर कोण माझ्या मागे लागलं होतं?"

"मी. तू नको म्हणालीस. विषय संपला."

"संपला कुठे? शेवटचं कोडं इतक्या लवकर सुटेल कुणाला? आजकाल कोण मिनिटभर तरी स्वस्थ बसतं? उत्तर फक्त तुला न् मला माहीत होतं. आणि हे 'कारण, कारण' असलं बिनचूक तुझ्याशिवाय कोण लिहिणार?"

निकेश बोलायला गेला. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून थांबला.

"मी नाय फोडलं," तो म्हणाला. मनाला लागलं की त्याची गावाकडची बोली वर यायची.

"मग कुणी? नाव सांग."

"नाव नाय सांगत."

रुचिराला ही कबुलीच वाटली. ज्याच्या भरवशावर चांगली नोकरी सोडली, त्यानंच केसानं गळा कापला होता. तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. निकेशचं अकाउंट बंद केलं. गेमच्या शेवटी दोघांची नावं यायची, त्यातलं त्याचं पुसलं आणि बदललेला गेम तिथल्या तिथे लोकांसाठी सोडून दिला. निकेश बघत राहिला.

"केलंस?" एवढंच त्यानं विचारलं. बॅग उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

दुपारची झोप आटोपून रुचिराचे बाबा बाहेर आले. पनवेलमध्ये त्यांना सगळे प्रभाकर सर म्हणत. दहावीच्या गणिताचा त्यांचा क्लास एके काळी जोरात चालायचा. निकेश त्यांचाच विद्यार्थी. रुचिरा मात्र बाबांची बोलणी नकोत म्हणून दुसरीकडे शिकली होती.

"निकेश चहा न घेताच गेला?"

"काढला मी त्याला. माझ्या गेमची सगळी उत्तरं फोडली त्यानं, बाबा. विश्वासघात केला माझा."

सर खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसत राहिले.

"अगं, ती मी टाकली."

"त्याला वाचवू नका. शेवटचं कोडं तुम्हाला कसं सुटेल?"

"सुटलं कुठे? धक्क्यावर अडकलो आणि बसल्या बसल्या डुलकी लागली. डोळे उघडतो तर पाणी उतरलेलं! इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग पाहिलं, तर तिकडे चर्चेच्या पानावर पोरं अडलेली. कुणी सांगा, कुणी सांगा, म्हणत होती. जन्मभर मी दुसरं काय केलं गं? नाव तेवढं मुद्दाम दिलं नाही. बापानंच पेपर फोडला म्हणाले असते."

तिला हवा होता तो क्षण एका माणसाला अगदी हवा तसा मिळाला होता. आणि बाकी सगळ्यांचा त्यानंच हिरावून घेतला होता, तोही तिच्या घरात बसून.

"निकेशला माहीत होतं?" तिनं कसंबसं विचारलं.

"कालच ओळखलं त्यानं. प्रत्येक पायरीखाली कारण लिहा, नाहीतर मार्क कापीन, हे माझं त्याच्या अजून अंगात आहे. म्हणाला, सर, तुम्ही गप्प राहा. तुमचं नाव कळलं तर ती पार कोसळेल." सर अडखळले. त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी म्हटलं, अरे, पण तिला तुझा संशय आला तर? तर हसला. म्हणाला, माझ्याशी काय, भांडेल फक्त."