पालकसभेचा बाक

पालकसभेत लेकीच्या इवल्याशा बाकात रेमंडची ढेरी अशी काही अडकली, की टीचर आणि शिपायाने मिळून त्याला ओढून काढलं. दुसऱ्याच दिवशी त्याने जिम लावली. पहाटे जिम, मग ज्युलिएटच्या वेण्या, डबा, शाळा आणि तिथून थेट वालीवची फॅक्टरी. जीव मेटाकुटीला आला, पण वजन तसूभर हलेना. हलणार कसं? ज्युलिएट रोज न चुकता त्याच्या बॅगेत उन्हात वाळवलेली गोडमिट्ट सुकेळी ठेवायची आणि लेकीची माया म्हणून तो ती सगळी फस्त करायचा.

शेवटी तो म्हणाला, "बाय, आता केळीबिळी बंद. पुढच्या सभेला मला बाकात नीट बसायचंय."

ज्युलिएट रडकुंडीला आली. "नको ना, पप्पा! तुला ओढता ओढता टीचर माझी तक्रार सांगायचीच विसरली होती!"